अमेरिकेत नर्सिंग होम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचंय? लायसन्सपर्यंतचा रस्ता आणि ते हजार तास

सांगलीला आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं की मी आता नर्सिंग होम चालवायचं शिकतेय, तर तिच्या डोळ्यांसमोर एकदम एखाद्या डॉक्टरांचं दहा-बारा खाटांचं हॉस्पिटल आलं, खाली मेडिकलचं दुकान, वर डिलिव्हरीची रूम. बरोबरच आहे तिचं, आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे तेच, कायद्यातसुद्धा १९४९ पासून तेच. मग मी समजावून सांगितलं की इथे म्हातारी माणसं राहतात, तर म्हणाली, "म्हणजे वृद्धाश्रम", आणि गप्पच झाली. तो गप्पपणा मला बरेच दिवस टोचत राहिला.

अमेरिकेतलं नर्सिंग होम या दोन्हीच्या मधे कुठेतरी बसतं. मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेला माणूस तीन-चार आठवडे थेरपीसाठी येतो आणि घरी जातो, त्याच मजल्यावर डिमेन्शिया झालेल्या आजी सहा वर्षांपासून राहत असतात, कुणाला ट्यूबने फीड चालू असतं, कुणी आठवड्यातनं तीनदा डायलिसिसला जातं. चोवीस तास नर्स. आणि या सगळ्या बिल्डिंगची कायद्याने जबाबदारी ज्या एका माणसावर असते तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. तो डॉक्टर नसतो, नर्स असायलाच हवी असंही नाही, पण लायसन्स लागतंच. १९६७ मध्ये काँग्रेसने सोशल सिक्युरिटी कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक राज्याला हे लायसन्स देणं बंधनकारक केलं, त्यामुळे लायसन्स नसलेला माणूस त्या खुर्चीत बसू शकत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. बीपीटी महाराष्ट्रात केलं, इथे येऊन लायसन्स काढलं, पेनसिल्व्हेनियात नर्सिंग होममध्येच नोकरी लागली, पुढे रिहॅब डायरेक्टर म्हणजे थेरपी विभागाची प्रमुख झाले. आपल्याकडचे खूप पीटी (फिजिओथेरपिस्ट), ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), नर्सेस इथल्या नर्सिंग होम्समध्ये आहेत आणि त्यातले बरेच जण पाच-सात वर्षांनी विचारतात की ताई पुढे काय. त्यांच्यासाठी लिहितेय. थोडं लांबेल.

आधी स्वतःचं राज्य बघा

लायसन्स राज्य देतं, त्यामुळे टेक्सासमधल्या मैत्रिणीने केलं तसंच तुमच्याकडे असेल असं धरून चालू नका. पेनसिल्व्हेनियात नर्सिंग होम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सचं वेगळं परीक्षक बोर्ड आहे, १२० तासांचा मान्यताप्राप्त कोर्स लागतो आणि एआयटी म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर इन ट्रेनिंग म्हणून प्रत्यक्ष बिल्डिंगमध्ये १००० तास. टेक्सासमध्ये कुठल्याही विषयातली बॅचलर्स चालते पण लाँग टर्म केअर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे १५ सेमिस्टर क्रेडिट दाखवावे लागतात, आणि तिथे याला नर्सिंग फॅसिलिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात, त्यामुळे गूगलवर शोधताना नाव चुकलं तर भलतंच सापडतं. कॅलिफोर्नियात राष्ट्रीय परीक्षेबरोबर राज्याची स्वतःची परीक्षाही आहे. फ्लोरिडाचं अजून वेगळं. म्हणून पहिलं काम एकच, तुमच्या राज्याच्या बोर्डाच्या वेबसाइटवरून नियमांची पीडीएफ डाउनलोड करा, प्रिंट काढा आणि हायलायटर घेऊन बसा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका, तिथे कुणीतरी २०१५ चं उत्तर देतं.

दुसरी गोष्ट डिग्रीची. भारतातली डिग्री असेल तर क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन लागेल. बीपीटी किंवा बीएस्सी नर्सिंगवाल्यांना सहसा अडचण येत नाही, बी.कॉम., बी.एस्सी. अशा तीन वर्षांच्या डिग्रीवाल्यांनी मात्र आधीच तपासून घ्या, बऱ्याचदा ती अमेरिकेतल्या चार वर्षांच्या बॅचलर्सइतकी धरत नाहीत. कोर्सचे पैसे भरायच्या आधी हे करा, नंतर नाही.

तिसरी गोष्ट, व्हिसा. एच-वन-बी तुमच्या एम्प्लॉयरला आणि तुमच्या कामाला बांधलेला असतो, पीटी म्हणून आलात आणि दुसऱ्या कंपनीत एआयटी करायला गेलात तर ते असंच चालत नाही. त्याच कंपनीत काम बदललं तरी विचारून घ्यावं लागतं. इमिग्रेशन वकिलाशी एक तास बोला, तेवढे पैसे घाला. ग्रीन कार्ड किंवा ईएडी म्हणजे काम करायचा परवाना असेल तर हा प्रश्न नाही. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबले, चार वर्षं गेली, पण त्या काळात रिहॅब डायरेक्टर म्हणून बजेट, स्टाफिंग, फॅमिली मीटिंग हे सगळं हाताखालून गेलं, त्यामुळे वाया गेली असं मी म्हणणार नाही.

प्रिसेप्टर, म्हणजे तुमचे गुरुजी

सगळ्यात महत्त्वाचं काय असं कुणी विचारलं तर मी हे सांगते. एआयटीचे तास एका लायसन्सधारक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या हाताखाली करायचे असतात, त्याला प्रिसेप्टर म्हणतात, त्याला राज्याची मान्यता लागते आणि तुमचा प्रोग्रॅमसुद्धा सुरू करायच्या आधी बोर्डाकडून मंजूर व्हावा लागतो. मंजुरीआधी केलेले तास धरत नाहीत हे लक्षात ठेवा.

माझा पहिला अनुभव वाईट. पहिल्या बिल्डिंगमध्ये अ‍ॅडमिशन कोऑर्डिनेटर सोडून गेली होती, तर मला सहा आठवडे तिच्या खुर्चीत बसवलं, दिवसभर हॉस्पिटलचे रेफरल उचलायचे, आणि तासांच्या शीटवर मात्र या आठवड्यात डायटरी, पुढच्या आठवड्यात मेंटेनन्स असं लिहिलेलं. मी किचनमध्ये पाऊलही टाकलं नव्हतं. मी म्हटलं, हे मी सही करणार नाही. मग मला सांगण्यात आलं की सगळे असंच करतात. तिथून मी निघाले, बोर्डाला प्रिसेप्टर बदलल्याचं कळवलं, आणि नव्याने सुरुवात केली, तीन महिने मागे पडले. आज वाटतं की तीन महिने गेले ते बरं झालं, कारण खोट्या तासांवर लायसन्स मिळालं असतं आणि पहिल्या महिन्यातच किचनची सायटेशन म्हणजे नियम मोडल्याची सरकारी नोंद आली असती तर मला काय चुकलंय हेही कळलं नसतं.

म्हणून प्रिसेप्टर पक्का करताना तोंडावर विचारा: आधी किती एआयटी तयार केलेत, त्यातले किती आज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहेत, आठवड्यातनं माझ्याबरोबर बसून किती वेळ बोलाल, सर्व्हे म्हणजे राज्याची तपासणी आली तर मला शेवटच्या एग्झिट कॉन्फरन्समध्ये बसवाल का, पी अँड एल म्हणजे नफा-तोट्याचा महिन्याचा रिपोर्ट मला दाखवाल का. शेवटच्या प्रश्नावर जो आढेवेढे घेतो तिथे जाऊ नका. पगाराचंही विचारा, मोठ्या कंपन्यांचे पगारी एआयटी प्रोग्रॅम असतात, छोट्या ठिकाणी बऱ्याचदा बिनपगारी करावं लागतं, मग घरचं गणित आधी मांडून ठेवा.

आणि बिल्डिंगचा इतिहास बघा. मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, त्याच्या केअर कंपेअर साइटवर प्रत्येक नर्सिंग होमचे स्टार दिसतात, ही पाच स्टारची पद्धत डिसेंबर २००८ पासून आहे, इन्स्पेक्शन, स्टाफिंग आणि क्वालिटी मेझर्स असे तीन भाग मिळून. पाच स्टारवालीच शोधा असं माझं म्हणणं नाही, उलट दोनवरून तीनवर चढत असलेल्या बिल्डिंगमध्ये शिकायला जास्त मिळतं. फक्त गेल्या दोन-तीन वर्षांत किती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बदलले ते रिसेप्शनवर गप्पा मारता मारता काढून घ्या.

हजार तास चालायचे

प्रत्येक डिपार्टमेंटला ठराविक तास असतात, नर्सिंग, सोशल सर्व्हिस, अ‍ॅक्टिव्हिटी, डायटरी, हाउसकीपिंग-लाँड्री, मेंटेनन्स, मेडिकल रेकॉर्ड, एमडीएस (तिथल्या लोकांचं असेसमेंट), बिझनेस ऑफिस, एचआर, थेरपी. सगळ्यांचं सारखं सांगत नाही, जिथे मला वाटतं लोक कमी पडतात तिथलंच सांगते.

नर्सिंगचे तास दिवसा करून मोकळे होऊ नका. रात्री अकरा ते सकाळी सातची शिफ्ट किमान पाच-सहा वेळा करा, आणि नर्सबरोबर नाही, सीएनएबरोबर करा. सीएनए म्हणजे नर्सिंग असिस्टंट, आंघोळ, डायपर, कूस बदलणं, उठवणं, भरवणं सगळं तेच करतात, १९८७ च्या ओब्रा या फेडरल कायद्याने त्यांना किमान ७५ तासांचं ट्रेनिंग बंधनकारक आहे आणि वर्षाला १२ तास इन-सर्व्हिस म्हणजे नोकरीतलं ट्रेनिंग. माझी पहिली रात्र एका हैतीच्या बाईबरोबर होती, वीस वर्षं हेच काम करणारी. पहाटे पावणेपाचला आम्ही एका आजींना हॉयर लिफ्टने, म्हणजे झोळीत (स्लिंगमध्ये) बसवून उचलायच्या यंत्राने, उचलत होतो, त्या लिफ्टला दोन माणसं लागतात, आणि तेवढ्यात पलीकडच्या तीन खोल्यांचे कॉल लाइट, मदतीला बोलवायचे दिवे, लागले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आजींचा हात धरून ठेवला, स्लिंगचे चारी हुक एकेक करून हाताने ओढून बघितले, मग हळूच खाली उतरवलं, आणि मग बाहेर गेली. त्या चार मिनिटांत ते तीन लाइट चालूच होते. पुढे कॉल लाइट ऑडिटमध्ये "रिस्पॉन्स टाइम जास्त" असं आलं की मला ते चार हुक आठवतात, आणि मी आधी विचारते की त्या वेळी मजल्यावर माणसं किती होती.

माणसांचा हिशोब म्हणजे आमचं रोजचं भाकरीचं पीठ. पेनसिल्व्हेनियात १ जुलै २०२४ पासून दिवसा १० रेसिडेंटमागे (रेसिडेंट म्हणजे तिथे राहणारे) १ सीएनए, संध्याकाळी ११ मागे १, रात्री १५ मागे १, शिवाय सगळं नर्सिंग मिळून दर रेसिडेंटमागे दिवसाला ३.२ तास. फेडरल सरकारने २०२४ मध्ये ३.४८ तासांचा नियम काढला होता, २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्द केला, पण राज्याचे नियम आहेत तिथे आहेत. शनिवारी पहाटे साडेपाचला दोन जणींचा कॉल-ऑफ, म्हणजे येत नाही असा फोन, आला की काय करायचं हे कुठल्याही कोर्समध्ये नसतं, त्यामुळे शेड्युलर बाईंच्या शेजारी एक पूर्ण वीकेंड बसा, त्या कुणाला आधी फोन करतात, कुणाला काय बोलतात, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला कधी सांगतात ते ऐका.

किचन. इथे मी सगळ्यात जास्त रमले. थर्मामीटर स्वतः हातात घ्या. गरम पदार्थ १३५ डिग्री फॅरनहाइटच्या वर, थंड ४१ च्या खाली, मधला पट्टा धोक्याचा. आमच्याकडे स्टीम टेबलवर अंडी १५० ला असायची आणि तरी तिसऱ्या मजल्यावरच्या रेसिडेंट कौन्सिलमध्ये दर महिन्याला एकच तक्रार, नाश्ता थंड. मी एक जास्तीची ट्रे गाडीत ठेवायला सांगितली आणि गाडीबरोबर चालत गेले. किचनमधून ७:१० ला निघाली, लिफ्टपाशी लाँड्रीची गाडी आडवी, पाच मिनिटं, वर पोचली तर सीएनए लोकांना उठवण्यात गुंतलेल्या, गाडी हॉलमध्ये उभी, शेवटच्या खोलीत ट्रे गेली ७:४८ ला. अंडी हाताला गार. किचनचा दोष शून्य. लाँड्रीची वेळ वीस मिनिटं पुढे ढकलली, ट्रे वाटायला नर्स मॅनेजर, अ‍ॅक्टिव्हिटीवाली आणि मी स्वतः हॉलमध्ये उभं राहायला लागलो, पुढच्या महिन्यात तक्रार बंद झाली. त्या चार-पाच दिवसांत मला लायसन्स कशासाठी असतं ते कळलं, कारण किचन, लाँड्री आणि नर्सिंग या तिघांनाही हलवू शकेल असा बिल्डिंगमध्ये एकच माणूस असतो.

जेवणाचंच अजून एक. आमच्याकडे एक मराठी आजोबा आले होते स्ट्रोकनंतर, मुलगी तासभर अंतरावर राहणारी. जेवत नव्हते, वजन उतरत होतं, चार्टवर "भूक कमी" लिहिलेलं. मी गेले, मराठीत बोलले तर म्हणाले, "अगं, हे सगळं गोड लागतंय, मला साधा वरण-भात दे." डायटरी मॅनेजरला मी सांगितलं, तिने मुगाची डाळ मागवली, हळद-हिंग मी घरून आणलं, भात अगदी मऊ कारण त्यांना मेकॅनिकल सॉफ्ट, म्हणजे मऊ, बारीक केलेलं, डाएट होतं. स्पीच थेरपिस्टने तपासून ओके दिलं. फेडरल नियमातच आहे की मेनू ठरवताना रेसिडेंटच्या धर्माचा, संस्कृतीचा विचार झाला पाहिजे, म्हणजे आम्ही काही उपकार केले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा थांबला. तुम्ही मराठी आहात, हिंदी, गुजराती कळतं, तर याचा फायदा रेसिडेंटला करून द्या.

मेंटेनन्सकडे थेरपीवाले, नर्सिंगवाले सगळे दुर्लक्ष करतात आणि तिथेच सायटेशन खातात. प्रत्येक शिफ्टला दर तिमाहीत एक फायर ड्रिल, म्हणजे वर्षाला बारा, आणि रात्रीचीसुद्धा खरी घ्यायची. जनरेटर दर महिन्याला ३० मिनिटं लोडवर चालवून बघायचा. लाइफ सेफ्टी कोड म्हणजे आगीपासून सुरक्षेचे नियम, त्याची २०१२ ची आवृत्ती लागू आहे. मेंटेनन्स डायरेक्टरबरोबर छतावर जा, बॉयलर रूममध्ये जा, प्रत्येक फायर डोअर स्वतः ढकलून लॅच लागतंय का बघा. आमच्याकडचे मेंटेनन्सचे काका म्हणायचे की नोंदींच्या बाइंडरवर विश्वास ठेवू नको, दारावर ठेव.

बिझनेस ऑफिसमध्ये पैसा कुठून येतो ते समजून घ्या, नाहीतर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडाल. मेडिकेअर पार्ट ए साठी हॉस्पिटलात सलग तीन दिवस इनपेशंट राहिलेलं लागतं, ऑब्झर्व्हेशनचे, म्हणजे नुसतं निरीक्षणाखाली ठेवलेले दिवस धरत नाहीत, आणि यावर कुटुंबं अक्षरशः रडतात कारण त्यांना वाटत असतं आई अ‍ॅडमिट होती. मग जास्तीत जास्त १०० दिवस, पहिले २० पूर्ण, २१ व्यापासून रोजचा को-पे म्हणजे आपला हिस्सा. त्यानंतर स्वतःचे पैसे किंवा मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, आणि मेडिकेडला मागच्या पाच वर्षांचे व्यवहार तपासतात. आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, आईवडिलांना ग्रीन कार्डवर आणलं म्हणजे लगेच मेडिकेअर मिळत नाही, ६५ वय आणि सलग पाच वर्षं वास्तव्य झाल्यावर ते प्रीमियम भरून घेता येतं. मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी हे विचारतं आणि बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पेमेंटचं गणित १ ऑक्टोबर २०१९ ला बदललं, त्या दिवसापासून पीडीपीएम ही मेडिकेअरची पैसे देण्याची नवी पद्धत आली. आधी थेरपीच्या मिनिटांवर पैसे होते, आता रेसिडेंटच्या आजारावर आणि स्थितीवर आहेत, आणि ती स्थिती एमडीएस नावाच्या असेसमेंटमधून ठरते. एमडीएस नर्सच्या शेजारी किमान दोन आठवडे बसा. ती एकटी सगळ्यांचे चार्ट वाचत असते, सर्वात शांत आणि सर्वात जास्त माहिती असलेली बाई.

सर्व्हे

राज्याची टीम न सांगता येते, जास्तीत जास्त १५ महिन्यांच्या आत एकदा येणारच. प्रत्येक चुकीला एफ-टॅग म्हणजे नियमाचा क्रमांक असतो, ६८९ अपघात आणि देखरेख, ८८० इन्फेक्शन कंट्रोल, ८१२ किचन, ६०० अब्यूज, ६८६ प्रेशर अल्सर, हे आकडे आपोआप पाठ होतात. तीव्रता आणि व्याप्ती धरून ए पासून एल पर्यंत अक्षर लागतं, जे, के, एल म्हणजे इमिजिएट जेपर्डी, रेसिडेंटच्या जिवाला धोका, आणि त्या दिवशी कुणी घरी जात नाही. नंतर २५६७ नावाचा फॉर्म येतो, त्यावर १० दिवसांत प्लॅन ऑफ करेक्शन द्यायचा. एआयटी असताना निदान एक प्लॅन तुम्ही स्वतः लिहा आणि प्रिसेप्टरकडून लाल पेनाने तपासून घ्या. "स्टाफला री-एज्युकेट केलं" एवढंच लिहून भागत नाही, कोण, कधी, किती ऑडिट करणार आणि ते क्यूएपीआय म्हणजे गुणवत्ता सुधारणेच्या कमिटीत कधी जाणार हे लिहावं लागतं.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. ट्रेनिंगमध्येच असताना एका डिमेन्शियाच्या आजींच्या दंडावर रात्री दहाला निळा-जांभळा वण दिसला, बोटांच्या खुणा वाटाव्या असा. सुपरवायझरने नोंद केली आणि ठरवलं की सकाळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आले की सांगू, रात्री कशाला उठवायचं. नियम असा आहे की अब्यूजचा संशय असेल तर दोन तासांच्या आत राज्याला कळवायचं, पाच कामकाजाच्या दिवसांत चौकशीचा निकाल द्यायचा. सकाळी आठ म्हणजे दहा तास. चौकशीत निघालं की कुणी मुद्दाम केलं नव्हतं, ब्लड थिनर चालू होतं आणि ट्रान्सफर करताना दंडाला धरलं होतं, पण उशिरा कळवल्याची सायटेशन बसलीच, आणि त्याहून वाईट म्हणजे आजींचा मुलगा समोर बसून विचारत होता, "रात्रभर तुम्ही माझ्या आईला त्याच माणसांच्या हातात ठेवलंत?" उत्तर नव्हतं कुणाकडे. तेव्हापासून माझ्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक नर्स स्टेशनवर माझा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात आहे आणि खाली लिहिलंय, रात्री तीनलाही करा. करतात. मी उचलते.

परीक्षा

परीक्षा नॅब नावाची राष्ट्रीय संस्था घेते, राज्यांच्या बोर्डांची मिळून झालेली. दोन भाग, एक कोअर, सगळ्या प्रकारच्या सीनियर केअरला लागू, आणि दुसरा खास नर्सिंग होमचा. विषय चार गटांत विभागलेत: केअर आणि सेवा, ऑपरेशन्स, एन्व्हायर्न्मेंट आणि क्वालिटी, लीडरशिप आणि स्ट्रॅटेजी. पास व्हायला स्केल स्कोअर ११३ लागतो, ते टक्के नाहीत आणि तेवढे प्रश्नही नाहीत, त्यामुळे घाबरू नका.

मी रोज पहाटे साडेचार ते सहा बसायचे, चार महिने, मुलं उठायच्या आधी. पुस्तक विकत घेतलंच, पण खरा फायदा झाला तो मेडिकेअर-मेडिकेड चालवणाऱ्या सीएमएस या फेडरल संस्थेच्या अपेंडिक्स पीपीचा, सर्व्हेअर जे मार्गदर्शन वापरतात तेच, फुकट डाउनलोड होतं, शेकडो पानं आहेत. सलग वाचत बसू नका. ज्या डिपार्टमेंटमध्ये त्या आठवड्यात आहात तेवढाच भाग वाचा आणि दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमध्ये तो नियम शोधा. आकडे मग चिकटतात: बेसलाइन केअर प्लॅन ४८ तासांत, पहिलं पूर्ण असेसमेंट १४ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत केअर प्लॅन, डॉक्टरांची भेट पहिले ९० दिवस दर ३० दिवसांनी आणि पुढे दर ६० दिवसांनी, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यात १४ तासांपेक्षा जास्त अंतर नको, औषधं देण्यातल्या चुका ५ टक्क्यांच्या आत, आरएन (रजिस्टर्ड नर्स) रोज सलग ८ तास आठवड्याचे सातही दिवस, १२० पेक्षा जास्त बेड असतील तर फुल टाइम सोशल वर्कर, डिस्चार्जची नोटीस ३० दिवस आधी. ही यादी मी वहीत आकड्यांच्या चढत्या क्रमाने लिहिली होती, २ तासांपासून १५ महिन्यांपर्यंत, आणि गाडीत स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकायचे.

आपल्याकडे शिकलेल्यांना एक सवय मोडावी लागते. प्रश्नात चार पर्याय असतात आणि चारही बरोबर वाटतात, विचारलेलं असतं की अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने सर्वात आधी काय करावं. उत्तर बहुतेक वेळा रेसिडेंटला आधी सुरक्षित करणारं असतं, नोकरीवरून काढणारं किंवा मालकाला फोन करणारं नसतं. माझ्या प्रॅक्टिस टेस्टमधले निम्मे चुकलेले प्रश्न याच प्रकारचे होते.

लायसन्स हातात आलं, आता पहिली नोकरी

घाई करू नका हे सांगणं सोपं आहे, कळतंय मला, हजार तास बिनपगारी काढल्यावर पहिली ऑफर नाकारणं जड जातं. तरी मुलाखतीला जाण्याआधी त्या बिल्डिंगचे मागच्या तीन वर्षांचे सर्व्हे रिपोर्ट वाचा, सगळ्यात ताजा कुणालाही सहज वाचता येईल असा ठेवावा लागतो, आधीचे मागितले की दाखवावे लागतात, जाऊन बसा आणि वाचा. मुलाखतीत डीओएनला वेगळं भेटायला मागा. डीओएन म्हणजे नर्सिंगची मुख्य, ती आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ही बैलजोडी आहे, एक उजवीकडे ओढतोय आणि दुसरा डावीकडे असं झालं की बिल्डिंग सहा महिन्यांत बसते. तिला एकच विचारा, मागच्या वेळी माणसं कमी होती म्हणून अ‍ॅडमिशन थांबवायला सांगितलं तेव्हा कंपनीने काय केलं. तिच्या चेहऱ्यावर उत्तर दिसतं.

शक्य असेल तर आधी वर्षभर असिस्टंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काढा. पगार कमी असतो पण सही तुमची नसते.

पेनसिल्व्हेनियात दर दोन वर्षांनी नूतनीकरणाला ४८ तास कंटिन्युइंग एज्युकेशन लागतं, टेक्सास, कॅलिफोर्नियात ४०, सर्टिफिकेटं त्या त्या दिवशीच स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाका. दुसऱ्या राज्यात जायची शक्यता असेल तर नॅबचं एचएसई (हेल्थ सर्व्हिसेस एक्झिक्युटिव्ह) क्वालिफिकेशन बघून ठेवा, ते मानणारी राज्यं वाढतायत आणि पुन्हा एआयटी करायची वेळ टळू शकते.

आणि नोकरीचा पहिला दिवस नऊ वाजता सुरू करू नका. पहाटे साडेपाचला जा, रात्रीची शिफ्ट अजून मजल्यावर असते, त्यांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सहसा दिसतच नाही. मी गेले होते डोनट आणि कॉफी घेऊन, तिसऱ्या मजल्यावरच्या एका सीएनएने विचारलं, काही झालंय का? म्हटलं, नाही, नाव सांगायला आलेय. मग तिनेच मला नेऊन दाखवलं की बावीस नंबरच्या खोलीतला कॉल लाइट दाराबाहेर लागतच नाही, दोन महिने झाले, लिहून दिलंय. सात वाजता मेंटेनन्सवाला आला तेव्हा मी शिडी धरून उभी होते.